प्रसूतिकक्षाबाहेरची तातडीची सेवा : महाड-पोलादपूरचा आढावा

गरोदर स्त्री आणि नवजात बाळ यांच्या जिवावर बेतणारे बरेच प्रसंग प्रसूतिकक्षाबाहेर घडतात. आठव्या महिन्यात घरी अचानक आकडी येते. कळा सुरू झालेल्या बाईला वाडीवरून रस्त्यापर्यंत आणेतो बाळ बाहेर येते. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीला आठव्या दिवशी अंगावरून जोरात जाऊ लागते, तर कुठे चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेनासे होते. अशा वेळी भोवती सासू, शेजारीण, आशाताई, रिक्षावाला आणि फार तर १०८ च्या गाडीतला डॉक्टर व पायलट म्हणजे चालक एवढीच माणसे असतात. त्यांनी काय करायचे, कोणत्या साधनांनी करायचे आणि बाईला कुठे पोचवायचे, या सगळ्याचा विचार प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात येतो. डोंगराळ तालुक्यात तो पहिल्या प्रकरणात यायला हवा.

राज्याचे आकडे पाहिले तर घरचे बाळंतपण जवळजवळ मागे पडले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे राज्यात ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचा आकडा ९७ होता. २०२० मध्ये हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली, देशात २०. ही मोठी मजल आहे आणि ती गावोगावच्या सिस्टर आणि आशाताईंनी चालून गाठलेली आहे. परंतु राज्याची सरासरी डोंगरातल्या वाडीला लागू पडत नाही. बाळंतपण दवाखान्यातच करायचे ठरले, की घर ते दवाखाना हा प्रवास बाळंतपणाचाच भाग होतो. महाड-पोलादपुरात तो प्रवास किलोमीटरांत मोजून चालत नाही.

दोन तालुक्यांची रचना

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीला भिडलेले तालुके. महाबळेश्वरावर उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. काळ आणि गांधारी या नद्या वाटेत तिला मिळतात. पोलादपुरातून आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो, महाडातून वरंधा घाट भोरकडे जातो आणि मुंबई-गोवा महामार्ग कशेडी ओलांडून खेडला उतरतो. दोन्ही तालुक्यांच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय मात्र अलिबागला, म्हणजे महाडपासून शंभर किलोमीटरहून लांब. मुंबई पावणेदोनशेच्या आसपास. दक्षिणेकडे चिपळूण तालुक्यातल्या डेरवणचे वालावलकर रुग्णालय हा एक आधार आहे. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडी बोगद्यातून हलकी वाहने सोडायला सुरुवात झाली आणि घाटातला पाऊण तासाचा वळसा काही मिनिटांवर आला. त्यामुळे पोलादपूरच्या अडलेल्या बाईसाठी दक्षिणेची वाट जवळ आली. पुढे पाठवण्याचे नकाशे यानुसार नव्याने आखायला हवेत.

खरी अडचण महामार्गाच्या आधी सुरू होते. इथले महसुली गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. धनगरवाडे त्याहून वर, कातकरी वाड्या त्याहून कडेला. पाखाडी उतरून किंवा ओढा ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत बाईला चालवत, नाहीतर चादरीच्या झोळीत किंवा डोलीत घालून आणावे लागते. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. फोन लागला तरी गाडी कुठवर येऊ शकते हे सांगणारा माणूस रस्त्यावर उभा राहावा लागतो.

पावसाळ्यात हे सगळे दुप्पट अवघड होते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. त्या दोन-तीन दिवसांत वीज, फोन आणि रस्ता हे तिन्ही एकदम बंद होते. नववा महिना लागलेल्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जी मदत वाडीत किंवा उपकेंद्रात असेल तेवढीच मदत.

तीन उशीर

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंची कारणे तीन उशिरांत मांडली: जायचे ठरवायला झालेला उशीर, पोचायला झालेला उशीर आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळायला झालेला उशीर. महाड-पोलादपूरला ही मांडणी नेमकी लागू पडते. पहिला उशीर बऱ्याचदा घरातल्या अनुपस्थितीचा असतो. नवरा मुंबई, ठाणे किंवा सुरतेला कामाला, घरी सासू-सासरे, आणि खर्चाचा निर्णय फोनवर. पहिलटकरीण माहेरी आलेली असेल तर दोन घरांचे एकमत व्हावे लागते. रात्री अंगावरून गेले तर ‘उजाडू दे’ म्हणून थांबणे हे इथले नेहमीचे आहे, आणि डोंगरात रात्री निघण्याची भीती खरी असल्यामुळे त्यासाठी घरच्यांना दोष देता येत नाही. उत्तर एवढेच की हा निर्णय कळा सुरू होण्यापूर्वी झालेला असावा: गाडी कोणाची, सोबत कोण, पैसे कुठे, रक्त देणारे दोघे कोण. माता-बाल संरक्षण कार्डावर ही माहिती लिहून घेणे हे सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीचे काम आहे.

दुसऱ्या उशिरावर राज्याने केलेला मोठा उपाय म्हणजे १०८ ची सेवा. जानेवारी २०१४ मध्ये ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर ठेवला, हा निर्णय फार मोलाचा ठरला आहे. त्याआधी, १ जून २०११ पासून लागू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तिथे नेणे, पुढे पाठवणे आणि घरी परत सोडणे हे सगळे मोफत केले. आजारी नवजात बाळालाही तोच हक्क आहे. १०२ क्रमांकाच्या गाड्या यासाठीच आहेत. अनेक घरांना परतीच्या मोफत गाडीचा हक्क ठाऊक नसतो.

तिसरा उशीर सर्वांत कमी बोलला जातो. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून माणगाव, तिथून अलिबाग किंवा मुंबई अशा पायऱ्या चढताना प्रत्येक ठिकाणी कागद नव्याने होतो आणि उपचार पुढच्या ठिकाणावर ढकलला जातो. भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि साठवलेले रक्त हे तिन्ही एकाच वेळी हजर असतील तरच ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन होते. तिन्हींपैकी एक नसला तरी बाई पुढच्या गाडीत बसते. म्हणून अशा तालुक्यात सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की पुढे पाठवण्यापूर्वी गरजेच्या औषधाचा पहिला डोस दिला गेलाच पाहिजे. ‘पुढे पाठवली’ ही नोंद उपचाराशिवाय झाली असेल तर ती उपचारातली चूक मानली जावी.

या विचाराला महाडचाच एक पुरावा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात धडधाकट माणसे आणि मुले मरत असत. मुंबईला नेण्याइतका वेळच नसे. त्यांनी दवाखान्यातच रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून लक्षणांचा क्रम नोंदवला, तो १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे प्राझोसिन या स्वस्त गोळीच्या वापराने मृत्यूचे प्रमाण कमालीचे खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून निघालेला धडा बाळंतपणाला जसाच्या तसा लागू आहे: मोठे रुग्णालय लांब असेल तेव्हा जीव वाचवणारा उपचार पहिल्या दवाखान्यात उतरवावा लागतो, आणि तो उतरवता येतो.

वाटेत बाळ आले तर

डोके दिसू लागले असेल, बाईला न थांबवता येणारा जोर येत असेल, तर गाडी पळवत राहण्यात अर्थ नसतो. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, आडोसा करायचा, हात धुऊन हातमोजे घालायचे. पोटावर वरून दाब द्यायचा नाही, बाळाला ओढायचे नाही. डोके भस्सकन बाहेर येऊ नये एवढा हाताचा आधार द्यायचा. मानेभोवती नाळेचा वेढा सैल असेल तर डोक्यावरून सरकवायचा. बाळ बाहेर आले की आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, कोरड्या कपड्याने पुसायचे, ओला कपडा काढून टाकायचा, डोके झाकायचे आणि दोघांवर मिळून पांघरूण घालायचे. नाळ बांधण्याची घाई नसते. बाळ रडत असेल तर किमान मिनिटभर थांबणे बाळाच्याच हिताचे, कारण तेवढ्यात वारेतले रक्त त्याला मिळते. निर्जंतुक ब्लेड नसेल तर नाळ न कापता बाळ आईच्या छातीवर तसेच ठेवून दवाखाना गाठावा. विळी, कोयता किंवा जुन्या ब्लेडने कापण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून लगेच, शक्यतो पहिल्या मिनिटात, आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन द्यायचे. वार आपोआप पडण्याची वाट पाहायची, नाळ ओढायची नाही, पडलेली वार पिशवीत घालून सोबत न्यायची. म्हणजे तिचा तुकडा आत राहिला का हे डॉक्टरांना पाहता येते. बाळाला छातीला लावल्याने गर्भाशय आवळायला मदत होते.

एका गोष्टीबद्दल कडक बोलणे भाग आहे. बाळ येण्यापूर्वी कळा वाढाव्यात म्हणून घरी किंवा लहान दवाखान्यात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. यामुळे गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. जे औषध बाळ आल्यानंतर आईला वाचवते तेच आधी दिले तर तिला मारू शकते.

नाळ बाळाच्या आधी बाहेर आली असेल तर बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवायला सांगायचे आणि तशीच शस्त्रक्रियेच्या ठिकाणी न्यायचे. पायाळू बाळात ओढाओढ करू नये. दोन्ही प्रसंगांत गाडीतून पुढच्या रुग्णालयाला फोन गेलाच पाहिजे, म्हणजे बाई पोचेपर्यंत शस्त्रक्रियेची तयारी झालेली असते.

रक्तस्राव

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभरातले एक प्रमुख कारण आहे आणि तो सगळ्यांत वेगवान आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयात मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त फिरत असते. गर्भाशय आवळले नाही तर माणगावचा रस्ता पुरणार नाही. त्यातच महाराष्ट्रातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांत रक्त कमी असल्याचे पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. निरोगी बाई जेवढा रक्तस्राव सोसते तेवढ्यात अशक्त बाई कोसळते. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात रक्ताची तपासणी करून गोळ्या, आणि प्रमाण फार कमी असेल तर शिरेतून लोह देणे हा रक्तस्रावाच्या उपचाराचाच पहिला टप्पा आहे.

डोळ्यांच्या अंदाजाने रक्त नेहमी कमी मोजले जाते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या रुग्णालयांत झालेला ‘ई-मोटिव्ह’ अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाईखाली मापाची पिशवी ठेवून रक्त मोजले गेले आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशयाची मालिश, आवळण्याची औषधे, ट्रानेक्झॅमिक अॅसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकामागून एक न थांबता एकत्र केले गेले. गंभीर परिणामांचे प्रमाण त्याने सुमारे ६० टक्क्यांनी घटले. यातले प्रत्येक औषध आधीपासून होते. फरक पडला तो वेळेवर मोजण्याने आणि वाट न पाहण्याने. ट्रानेक्झॅमिक अॅसिड तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे २०१७ च्या ‘वुमन’ अभ्यासाने दाखवले. तीन तास ही मर्यादा वाडीतून निघालेल्या बाईसाठी वाटेतच संपते. ते औषध गाडीतच असले पाहिजे.

ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश तापमान लागते. पावसात दोन-दोन दिवस वीज जाते तिथे शीतपेटीतल्या औषधाचा जोर उतरलेला असण्याची शक्यता राहते आणि ते बाहेरून दिसत नाही. इथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात. त्यांना थंडावा लागत नाही, फक्त ओलीपासून जपावे लागते. या गोळीचा एक महत्त्वाचा पुरावा मराठी मुलखाला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातला आहे. तिथल्या गावांत सहायक परिचारिकांनी केलेल्या बाळंतपणांत ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा दिल्यावर रक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले, असे २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

गर्भाशय तरीही सैल राहिले तर दोन्ही हातांनी ते दाबून धरावे लागते, आणि हे गाडीच्या धक्क्यांत करणे फार दमवणारे आहे. बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांनी कंडोम आणि कॅथेटर यांपासून गर्भाशयात फुगवण्याचा फुगा रूढ केला. अत्यंत स्वस्त असलेले हे साधन ग्रामीण रुग्णालयात बांधून तयार ठेवता येते. पाय आणि पोट आवळून धरणारी शॉकविरोधी विजारही लांबच्या प्रवासात वेळ मिळवून देते. या सगळ्यांनी मिळते ती उसंत. शेवटी रक्त लागते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चालू रक्तसाठा कक्ष नसेल तर वरची सगळी मेहनत फुकट जाऊ शकते, म्हणून दोन्ही तालुक्यांसाठी मागायची पहिली गोष्ट हीच.

रक्तस्राव फक्त बाळंतपणानंतर होतो असेही नाही. पाळी चुकलेली, पोटात दुखणारी बाई चक्कर येऊन पडली तर गर्भ नलिकेत राहून ती फुटल्याची शंका आधी घ्यावी, मग बाहेर रक्त दिसो वा न दिसो. शेवटच्या महिन्यांत न दुखता रक्त गेले तर वार खाली असू शकते. अशा बाईची हाताने आतून तपासणी करू नये, तिला थेट सिझेरियन होणाऱ्या ठिकाणी न्यावे.

आकडी

गरोदरपणात रक्तदाब चढून येणारे झटके घरच्यांना अपस्मारासारखे किंवा ‘बाहेरचे’ वाटतात. कांदा हुंगवणे, तोंडात चमचा घालणे, देवऋषीला बोलावणे यात तास जातो. करायचे ते सोपे आहे: बाईला डाव्या कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, आसपासच्या टणक वस्तू दूर करायच्या, गाडी बोलवायची. औषध एकच आणि ते स्वस्त आहे: मॅग्नेशियम सल्फेट. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ते इतर औषधांपेक्षा सरस ठरवले. शासनाच्या मार्गदर्शनानुसार पुढे पाठवण्यापूर्वी दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, असा १० ग्रॅमचा पहिला डोस उपकेंद्रातली सिस्टरही देऊ शकते. हातात इंजेक्शन असूनही ‘काही झाले तर’ या धास्तीने ते न देणे ही तिसऱ्या उशिराची सर्वांत दुःखद तऱ्हा आहे. त्यासाठी सिस्टरला बोलून उपयोग नाही. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने फोनवर तिच्या पाठीशी उभे राहायला हवे.

डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, तोंडावर सूज ही आकडीच्या आधीची लक्षणे आहेत. रक्तदाब १६०/११० वर गेला तर झटक्याची वाट न पाहता उपचार लागतो. बाळंतपण झाल्यावरही कित्येक दिवस आकडी येऊ शकते, म्हणून घरभेटीत बाळंतिणीचाही रक्तदाब मोजावा.

अपघात, दंश आणि हृदय थांबणे

मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातांत गरोदर स्त्रिया असतात. दिवस गेल्यावर शरीरातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते, त्यामुळे पुष्कळ रक्त जाईपर्यंत नाडी आणि रक्तदाब फसवत राहतात; तोवर शरीर गर्भाशयाचा पुरवठा तोडून आईला सांभाळत असते. विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपवले तर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देते. बाई स्ट्रेचरवर बांधलेली असेल तर फळीच डावीकडे कलती करावी. पोटाला हलका मार लागला तरी वार सुटू शकते, म्हणून ‘लागले नाही’ म्हणून लगेच घरी न पाठवता निदान चार तास नजरेखाली ठेवणे योग्य. आईला वाचवणे हाच बाळाला वाचवण्याचा मार्ग. ऑक्सिजन, रक्त, एक्स-रे यांत गरोदरपणामुळे हात आखडता घेऊ नये. सर्पदंशातही तेच. भातलावणीच्या दिवसांत पोटुशी बाई शेतात असते, तिला साप चावला तर प्रतिविष नेहमीप्रमाणेच द्यायचे.

हृदय थांबले तर छाती दाबणे नेहमीच्याच जागी, आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी गर्भाशय डावीकडे सारून धरायचे. रक्ताभिसरण परत आले नाही तर पाच मिनिटांच्या आत बाळ बाहेर काढण्याचा सल्ला आहे, कारण त्याने आईचेही हृदय सुरू होण्याची शक्यता वाढते. तालुक्याच्या ठिकाणी हे क्वचितच साधेल.

नवजात बाळ

दहापैकी नऊ बाळे आपली आपण श्वास घेतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना पुसणे आणि पाठ चोळणे पुरते. थोड्यांना मास्क आणि फुग्याने हवा द्यावी लागते. छाती दाबण्याची वेळ शंभरात एकावरही येत नाही. ही हवा पहिल्या मिनिटात सुरू झाली पाहिजे, मिनिटाला ४० ते ६० या गतीने. बाळाला उलटे टांगणे, पाठीवर चापट्या मारणे, तोंडावर गार पाणी शिंपडणे यांत तेच मिनिट वाया जाते. २००९ मध्ये सुरू झालेला नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम हे कौशल्य सिस्टरपर्यंत नेण्यासाठी आहे. वर्षात दोन-चारच बाळंतपणे पाहणाऱ्या सिस्टरचा हात मात्र सरावाशिवाय बसत नाही. दर महिन्याच्या बैठकीत बाहुलीवर दहा मिनिटे सराव घेणे शक्य आहे, आणि १०८ च्या डॉक्टर-पायलटांनाही त्यात बसवायला हवे.

दुसरा शत्रू म्हणजे थंडी. कोकणात थंडी कसली, असे वाटते. पण ओले बाळ, जुलैचा वारा आणि उघडी खिडकी एवढ्याने त्याचे अंग ३६.५ अंशांच्या खाली जाते, साखर उतरते आणि श्वास मंदावतो. कमी वजनाचे बाळ पुढे न्यायचे तर उत्तम साधन आईची किंवा आजीची उघडी छाती. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच कांगारू पद्धतीने ठेवले तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, असा निष्कर्ष भारतासह पाच देशांतल्या अभ्यासातून २०२१ मध्ये आला. आई आणि बाळ वेगवेगळ्या गाड्यांतून वेगवेगळ्या रुग्णालयांत पाठवणे शक्यतो टाळावे.

दिवस भरण्यापूर्वीच कळा आल्या असतील तर बाळ पोटात असतानाच आईला हलवणे सर्वांत चांगले. २४ ते ३४ आठवड्यांच्या आतल्या अशा बाईला निघण्यापूर्वी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे तयार व्हायला मदत होते.

घरी असलेल्या नवजात बाळाच्या आणीबाणीचा धडा महाराष्ट्राने जगाला दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. घरी जाऊन बाळ तपासणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे त्यांनी केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी याच कामावर उभ्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, बाळंतपण घरी झाले असेल तर पहिलाही. दूध न ओढणे, छाती आत ओढली जाणे, अंग गार किंवा फार तापलेले, हालचाल मंद, झटके यांतले एक लक्षण पुरे. जाणे शक्य नसेल किंवा निघायला वेळ असेल तर जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस सिस्टरने द्यायचा.

कातकरी कुटुंबांत ही साखळी तुटते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, बाळंतपण भट्टीवरच्या झोपडीत होते, कार्ड वाडीतल्या घरी राहते, आणि दोन्हीकडच्या आशाताईंच्या यादीत त्या बाईचे नाव नसते. भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या आशाताईने महिन्यातून एक फेरी भट्टीवर घातली पाहिजे, मालकाने परवानगी दिली नाही तरी.

पावसाच्या आधी

आदिवासी भागांसाठी राज्यात ‘माहेरघर’ योजना आहे: दिवस भरत आले की बाईने एका नातेवाइकासह आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. महाड-पोलादपूरच्या वरच्या वाड्यांसाठी पावसाळ्यापुरती हीच सोय सर्वांत उपयोगी ठरेल. घरच्या कामाचा, गुरांचा आणि मोठ्या मुलांचा प्रश्न सुटल्याशिवाय बायका येणार नाहीत, तेव्हा लहान मुलाला सोबत ठेवण्याची मुभा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई यांशिवाय ती कागदावरच राहील.

यादी करणे अवघड नाही. जून ते सप्टेंबरमध्ये जिची तारीख आहे तिला मागच्या ऑगस्टअखेर ते डिसेंबरअखेर शेवटची पाळी आलेली असते. म्हणजे मार्च संपेतो जवळजवळ प्रत्येकीचे नाव उपकेंद्राच्या वहीत आलेले असते. महाड आणि पोलादपूरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने एप्रिलच्या ग्रामसभेत ही यादी आशाताईंकडून मागून घ्यावी आणि बाईच्या संमतीने प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: रस्ता बंद झाला तर ती कुठे राहील, तिला कोण उचलून आणील, आणि रक्त कोण देईल.